जास्त उजेडाचा हेडलाइट: पूर्वी गाडीच नाही म्हणायची

मोटरसायकलचा कंपनीने दिलेला हेडलाइट काढून जास्त उजेडाचा बसवायचा, ही हौस एलईडीच्या जमान्यात सुरू झाली असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. मोटरसायकलला दिवा लागला तेव्हापासून तो कमी पडतो ही तक्रार आहे, आणि तक्रार आहे तेव्हापासून तो बदलून देणारे मेकॅनिकही आहेत. मग समोरून येणाऱ्या दुचाकीच्या दिव्याने डोळे दिपायचा त्रास आत्ताच एवढा का वाढला? पूर्वीचे लोक जास्त समजूतदार होते म्हणून? मला तसं वाटत नाही. पूर्वी मर्यादा घालणारी एक गोष्ट गाडीच्या आतच बसलेली होती. ती आता उरलेली नाही. ती कुठली होती, कशी गेली आणि तिच्या जागी काय आलं, हे या लेखात बघू.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: मी एम.एस्सी. फिजिक्समधे केलं आणि पीएच.डी. तंत्रज्ञानाच्या इतिहासात करतोय. विषय आहे रस्त्यावरचा उजेड. हे सांगितलं की लोक म्युनिसिपालिटीच्या खांबांबद्दल बोलायला लागतात, पण आपल्या रस्त्यांवरचा बराचसा उजेड गाड्यांनी सोबत आणलेला असतो. आज त्यातल्या दुचाकीबद्दल. आकडे येतील, पण ते मी सोडवूनच देतोय, घाबरू नका.

विठ्ठलवाडीच का?

उदाहरण म्हणून विठ्ठलवाडी डोळ्यासमोर ठेवूया. मध्य रेल्वेने कल्याण सुटलं की कर्जतच्या दिशेला पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी, त्यापुढे उल्हासनगर. एसटीचा विठ्ठलवाडी आगारही इथलाच. संध्याकाळी या भागात रिक्षा, एसटी, हातगाड्या आणि लोकलमधून उतरलेली माणसं एकाच रस्त्यावर असतात. इथे दुचाकीचा दिवा मुख्यतः आपण इतरांना दिसावं म्हणून लागतो. रस्ता दिसायला दुकानांचा आणि खांबांचा उजेड असतोच.

आता तीच गाडी शहाडवरून मुरबाड रस्त्याला लावा. म्हारळ, कांबा मागे पडलं की उजेड विरळ होत जातो. मुरबाड, टोकावडे आणि पुढे माळशेज घाट. पावसाळ्यात धुकं, दरडीचे दगड, अचानक समोर येणारी गुरं. इथे रस्ता दिसायचा तो फक्त आपल्या दिव्याने. म्हणजे तासा-दीड तासाच्या अंतरावर एकाच दिव्याकडून आपण दोन उलट कामं मागतो: गावात समोरच्याला त्रास नको, घाटात लांबवर दिसायला हवं. हेडलाइट बदलायला निघालेल्या माणसाची गरज खोटी नसते, हे आधीच मान्य करून टाकतो.

आणखी एक कारण म्हणजे शेजार. आजचं उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बाहेरची वस्तू उघडून बघायची, तशीच स्वस्तात बनवायची, हे या गावाने पोटासाठी शिकून घेतलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद कल्याण-डोंबिवलीकरांना नवा नाही. अशा बाजाराच्या कडेला राहणाऱ्याला कंपनीने दिलेली वस्तू म्हणजे शेवटचा शब्द वाटत नाही. ती सुरुवात असते.

सहा व्होल्टचा काळ

अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींना विजेचा दिवा नव्हताच. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो जळायचा. उजेड वाढवायचा तर पाणी जास्त सोडायचं. पुढे विजेचे दिवे आले आणि उजेड इंजिनाच्या हातात गेला.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर ज्या गाड्या रुळल्या त्या आठवा. मद्रासला १९५५ पासून बनायला लागलेली एनफील्ड बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातली १९६१ पासूनची जावा (नंतरची येझदी), एस्कॉर्ट्सची राजदूत. या गाड्यांची वीज सुरुवातीला ६ व्होल्टची होती. डायनॅमो किंवा मॅग्नेटोतून मिळणारी एकूण ताकद काही डझन वॅट, म्हणजे घरातल्या जुन्या साठच्या पिवळ्या बल्बच्या आगेमागे. त्यातच पुढचा दिवा, मागचा दिवा आणि हॉर्न भागवायचा. जिथे दिवा थेट मॅग्नेटोवर असायचा तिथे आणखी एक गंमत होती. इंजिन फिरेल तेवढी वीज, त्यामुळे गाडी जोरात असेल तर दिवा लख्ख आणि खड्ड्यासाठी वेग कमी केला की दिवा मंद. नेमका खड्डा बघायच्या वेळी उजेड गायब! जुन्या गाड्या चालवलेल्यांना क्लच दाबून उगाच रेस देत खड्डा बघायची सवय होती, ती यामुळेच.

यामागचं फिजिक्स असं आहे. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे ६ ऐवजी ५ व्होल्ट मिळाले तर उजेड सहात एक भागाने कमी होत नाही, तो जवळपास निम्म्यावर येतो. उलट व्होल्टेज वाढलं तर उजेड झपाट्याने वाढतो, पण बल्बचं आयुष्य त्याहून झपाट्याने घटतं. भर वेगात बल्ब उडण्याचं कारण हेच.

त्या काळात मोठा बल्ब लावून बघणारे होतेच. पण ६० वॅटच्या बल्बला ४० वॅटचा डायनॅमो काय देणार? व्होल्टेज बसायचं, तार लाल होऊन राहायची आणि पहिल्यापेक्षाही कमी दिसायचं. गाडीच नाही म्हणायची. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचं रक्षण कुठल्या नियमाआधी या अशक्त डायनॅमोने केलं.

सरकारची चिंतासुद्धा तेव्हा उलटी होती. बिनदिव्याची सायकल पोलिसाने अडवायची हा आपल्या आजोबांच्या पिढीचा सार्वत्रिक अनुभव. दिवा आहे की नाही, हा प्रश्न होता. दिवा कमी करा असं सरकारने मोठ्या प्रमाणावर सांगितलं ते युद्धात. १९६५ आणि १९७१ च्या ब्लॅकआउटमधे मुंबई परिसरात गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला जायचा. तेव्हा उजेड लपवायचा होता तो आकाशातल्या विमानापासून.

बल्ब मोठा, वायर तीच

१९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ ला स्प्लेंडर. १०० सीसीच्या या गाड्यांनी कल्याण, अंबरनाथ, बदलापूरसारख्या गावांतल्या नोकरदाराला मोटरसायकलवर बसवलं. पुढे १२ व्होल्ट सगळीकडे रुळलं आणि ३५/३५ वॅटचा बल्ब जवळपास ठरून गेला. पण कित्येक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नव्हता. तो थेट इंजिनाच्या कॉइलवरून चालायचा, म्हणून सिग्नलला उभं राहिलं की तो मिणमिणायचा.

याच काळात हॅलोजन बल्ब स्वस्त झाला. युरोपात गाड्यांसाठी पहिला हॅलोजन १९६२ ला आला आणि एकाच काचेत अप्पर-डिपर दोन्ही तारा असलेला एच४ बल्ब १९७१ ला. एच४ चा ठरलेला आकडा ६०/५५ वॅट. पण दुकानात त्याच आकाराचा १००/९० वॅटचाही मिळायला लागला आणि 'जास्त उजेड' म्हणजे 'जास्त वॅट' हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

इथे गाडी दुसऱ्या मार्गाने नाही म्हणाली. १२ व्होल्टला ५५ वॅट म्हणजे साडेचार अँपिअर करंट, १०० वॅट म्हणजे आठाच्या वर. वायरिंग मात्र बारीक, आणि ती हँडलवरच्या छोट्या स्विचमधून फिरून आलेली. करंट वाढला की वायरीतच व्होल्टेज पडतं. बारापैकी दीड व्होल्ट रस्त्यात गेले तर बल्बचा एक तृतीयांशाहून जास्त उजेड गेला. दोन व्होल्ट गेले तर जवळपास निम्मा. वरून होल्डर वितळायचा, स्विच जळायचा आणि डूमच्या आतला चकचकीत थर पिवळा पडून सोलायचा. (डूम म्हणजे मागची आरशासारखी वाटी, पार्टच्या दुकानात हाच शब्द चालतो.)

हुशार मेकॅनिकने यावर शोधलेला उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून बल्बपर्यंत वेगळी जाड वायर टाकायची आणि हँडलच्या स्विचने फक्त रिले चालवायचा. कंपनीचाच बल्ब ठेवून नुसता रिले टाकला तरी दिवा बदलल्यासारखा फरक दिसायचा, कारण अडलेलं व्होल्टेज बल्बपर्यंत पोहोचायचं. (हे अर्थात ज्या गाडीत हेडलाइट बॅटरीवर आहे तिथेच.) माझ्या मते दुचाकीच्या हेडलाइटमधली ही सर्वात प्रामाणिक सुधारणा आहे. बल्ब तोच, तो बसतो ती जागा तीच, म्हणून उजेड जायचा तिथेच जातो.

मागणी का होती तेही लक्षात घ्या. २००५ च्या आसपासचं भारनियमन आठवतंय? गल्लीतल्या खांबांसकट सगळं अंधारात जायचं आणि रस्त्यावर उरायचा तो गाड्यांचा उजेड. कंपन्याही हे ओळखत होत्या. २००७ ला बजाजने पल्सर २२० ला प्रोजेक्टर हेडलाइट दिला. त्यात उजेड भिंगातून नेमक्या रेषेत कापून रस्त्यावर टाकला जातो. दिवा तेज असणं आणि दिवा नेमका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या दुचाकीवर तेव्हा दिसलं.

लगाम सुटतो

१९९३ ला जपानमधे शुजी नाकामुरा यांनी चांगला उजळ निळा एलईडी बनवला. निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो, आणि काही वर्षांतच पांढरे एलईडी बाजारात आले. २०१४ चं फिजिक्सचं नोबेल नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना यासाठीच मिळालं.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आकडा एकच. हॅलोजन बल्ब एका वॅटमधून साधारण १५ ते २५ लुमेन उजेड देतो, एलईडी सहज ८० ते १००. आपल्या ३५/३५ वॅटच्या बल्बचं डिपरचं प्रमाणित मूल्य आहे ५२५ लुमेन. २० वॅटचा एलईडी १६०० ते २००० लुमेन देऊ शकतो. म्हणजे वीज कमी, उजेड तिप्पट. डायनॅमो बसत नाही, वायर तापत नाही, स्विच जळत नाही. सहा दशकं गाडी जे नाही म्हणत होती ते तिने म्हणायचं सोडलं. दहा मिनिटांत कुणीही बल्ब बदलू शकतो आणि गाडीला काही होत नाही.

व्हायचं ते समोरच्याला होतं. ते कसं?

एच४ किंवा त्यासारख्या बल्बमधे डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डूमचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि किरण खाली, रस्त्यावर पडतात. तार कुठे असावी हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेलं असतं, कारण डूम त्या एका जागेसाठीच घडवलेला असतो. आता त्या जागी एलईडीची पट्टी आली. तिचा आकार वेगळा, उजेड दोन बाजूंना, वाटी असली तरी जेमतेम. डूमला हे माहीत नाही. तो आपल्या भूमितीप्रमाणे किरण परतवत राहतो आणि त्यातले बरेच आडव्या रेषेच्या वर जातात. भिंतीवर दिवा मारून बघा. चांगल्या डिपरला वर स्पष्ट रेघ असते, अशा बल्बला धुकट ढग असतो. त्या ढगाचा वरचा भाग म्हणजे समोरच्याचे डोळे.

डोळ्याची बाजू

तेज दिवा समोर आला की नुसतं त्रासदायक वाटत नाही, खरोखरच कमी दिसतं. डोळ्याच्या आत प्रकाश विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पातळ पांढरा पडदा पडल्यासारखं होतं. हॉलाडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी १९२० च्या दशकातच हे मोजलं होतं. डोळ्यावर जितका उजेड पडेल तितका पडदा दाट. आणि दिवा आपल्या नजरेच्या रेषेपासून जितका जवळ तितका तो जास्त दाट, तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. अरुंद रस्त्यावर समोरची गाडी नजरेच्या रेषेला चिकटूनच येते. वय वाढतं तसा विखुरणारा प्रकाश वाढतो, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. २५ वर्षांच्या मुलाला 'जरा जास्त' वाटणारा दिवा ६५ वर्षांच्या काकांसाठी काही क्षण पूर्ण पांढरा अंधार असतो. त्या पडद्यामागे रस्ता ओलांडणारं माणूस असलं तर ते दोघांपैकी कुणालाच दिसत नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरचे ४४.५ टक्के, पायी चालणारे १९.५ टक्के. यातले किती डोळे दिपल्यामुळे गेले हे या आकड्यांतून निघत नाही, पण अंधारात एकमेकांसमोर येणारी माणसं कोण आहेत ते कळतं. दुचाकीवाला आणि पादचारी. दोघांभोवती पत्रा नाही.

नियमाचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ मला फार आवडतो. तो वॅट सांगत नाही, माणूस उभा करतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवता कामा नये, इतका दिवा खाली झुकलेला किंवा झुकवता येणारा हवा. गाडीतच फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला की उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत कायम चालूच राहतो. म्हणजे चुकीचा लावलेला दिवा बंद करायचीही सोय नाही.

पण दिसतं का जास्त?

उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. म्हणून दिव्याचा उजेड दुप्पट केला तरी दिसण्याचं अंतर दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतं. आता ब्रेकचं बघू. ताशी ६० ला प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरला आणि ब्रेक बरे असले तर थांबायला साधारण ५३ मीटर लागतात. ताशी ८० ला ८३ मीटर, म्हणजे १.५ पटीहून जास्त. दिवा दुप्पट केला आणि त्या भरवशावर वेग ६० चा ८० केला, तर मिळालेलं सगळं गेलं आणि वर थोडं खिशातून गेलं.

धुक्यासाठी पिवळा बल्ब हा माळशेजला जाणाऱ्यांचा आवडता सल्ला. फ्रान्समधे १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचेच होते. पण पिवळा प्रकाश धुकं 'फाडतो' हे बरोबर नाही. आकाश निळं दिसतं ते हवेच्या रेणूंमुळे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कित्येक पट मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्यांना कमी बोचतो, एवढं खरं. धुक्यात खरा उपयोग दिवा खाली असण्याचा.

आणि मागे कुणी बसलं की? मागची बाजू पुढच्यापेक्षा ५ सेंटिमीटर जास्त दबली, चाकांमधलं अंतर १३० सेंटिमीटर, तर दिव्याचं तोंड शेकडा चारच्या आसपास वर उचललं जातं. एकट्याने बसून नीट लावलेला डिपर २५ मीटरवर जवळपास १ मीटर वर जातो. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर त्याची वरची रेघ १ मीटर ६० सेंटिमीटरला पोहोचते. सरळ डोळ्यांत. डबलसीट संसार करणाऱ्या गावात हे रोजचं आहे.

म्हणून कुणी विचारलं तर मी हा क्रम सांगतो. आधी काच आणि डूम स्वच्छ आहे का बघा, डूम पिवळा असेल तर तोच बदला. मग चालू गाडीवर बल्बपाशी व्होल्टेज मोजून घ्या. मग भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून, ज्या वजनाने नेहमी चालवता त्या वजनासह, डिपरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली येईल असा स्क्रू फिरवा. यात फारसा खर्च नाही आणि कायद्यालाही धक्का नाही. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

आता एक विनंती. १९९० च्या आधीचे हेडलाइटचे बल्ब, त्यांची खोकी, वायरिंगची जुनी बिलं, गॅरेजच्या वह्या, असं काही तुमच्या घरात किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे असेल तर फेकू नका. फोटो पाठवलात तरी चालेल. खोक्यावर वॅट, व्होल्ट आणि किंमत छापलेली असते. कुणाच्या डायनॅमोवर कुठला बल्ब चालवायचा प्रयत्न झाला, हे मला सध्या अशाच खोक्यांवरून जुळवायचं आहे.